पार्सल की पिशवी? खरेदीचा धूर नेमका कुठे निघतो

दिवाळीच्या सेलमध्ये कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनची केबिन खोक्यांनी भरून गेलेली असते. दोन दिवसांनी तेच पुठ्ठे, बबल रॅप आणि टेपचे गुंते कचऱ्याच्या खोलीत येऊन पडतात. ते बघून ‘ऑनलाइन खरेदी पर्यावरणाला वाईट’ असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. पण त्याच सोसायटीतलं कोणीतरी रविवारी एक शर्ट घ्यायला गाडी काढून मॉलला जातं, सिग्नलला ताटकळतं, पार्किंग शोधत दोन मजले फिरतं आणि घरून नेलेल्या कापडी पिशवीत शर्ट घालून परत येतं. कचरा काहीच नाही. तरी तसाच शर्ट ऑनलाइन मागवणारा आणि हा, या दोघांत जास्त प्रदूषण कोणी केलं, असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा शर्टवाल्याचं येतं, आणि फरकही थोडाथोडका नसतो.

खोकं डोळ्यांना दिसतं, हातात येतं, टाकायलाही आपल्यालाच लागतं. सायलेन्सरमधून निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड कोणाला उचलून टाकावा लागत नाही. त्यामुळे या विषयात आपला अंदाज हमखास चुकतो. मात्र म्हणून ‘ऑनलाइनच बरं’ असंही म्हणता येत नाही. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे चालत जाऊन सामान आणणारी कोट्यवधी माणसं आहेत, आणि त्यांच्यापुढे कुठल्याही अ‍ॅपचा निभाव लागणं कठीण आहे. खरेदी मोबाइलवर केली की दुकानात, यापेक्षा तिच्यासाठी कोणतं वाहन किती वेळा हललं आणि त्यात किती सामान होतं, यावर बहुतेक सगळा हिशेब ठरतो. तो हिशेब सावकाश मांडून बघू.

तुलना कशाची करायची

समजा एक मिक्सर घ्यायचाय. तो कारखान्यात बनतो, मोठ्या ट्रकमधून मोठ्या गोदामात येतो. इथपर्यंत दोन्ही वाटा जवळपास सारख्या. पुढे दुकानाच्या वाटेने तो डिस्ट्रिब्युटरकडे जातो, तिथून टेम्पोने दुकानात, आणि दुकानात दिव्याखाली, कदाचित एसीत, गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. शेवटी गिऱ्हाईक येतं आणि घेऊन जातं. ऑनलाइनच्या वाटेने तो गोदामातच पॅक होतो, सॉर्टिंग सेंटरला जातो, तिथून तुमच्या भागातल्या डिलिव्हरी हबला आणि मग तुमच्या दारात.

ट्रकमध्ये एका वेळी हजारो वस्तू असतात. डिझेल कितीही जळलं तरी एका मिक्सरच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं. दुकानातले दिवे, गोदामातली वीज, अ‍ॅप चालवणारे सर्व्हर या सगळ्याचा वाटाही एका वस्तूमागे फार मोठा नसतो. मॉलमधलं दुकान इथे थोडं जड पडतं, कारण एसी आणि सरकते जिने दिवसभर चालू असतात. पण फरक पडतो तो मुख्यतः शेवटच्या टप्प्यात. तिथे वाहन छोटं होतं, सामान कमी होतं, आणि कित्येकदा एका वस्तूसाठी अख्खी गाडी फिरते.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पेन ड्राइव्हसारख्या छोट्या वस्तूचा असा प्रवास मोजला होता. दुकानातून घेतल्यावर एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६५ टक्के वाटा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या जाण्यायेण्याचा निघाला. ऑनलाइन वाटेत घरपोच आणण्याच्या टप्प्याचा वाटा ३२ टक्के होता आणि पॅकिंगचा २२ टक्के. म्हणजे सगळी साखळी एकीकडे आणि गिऱ्हाइकाची गाडी एकीकडे, असं चित्र होतं.

एडिनबरातला हिशेब

या विषयावर सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास २०१० सालचा आहे. एडिनबराच्या हेरियट-वॉट विद्यापीठातल्या एडवर्ड्स, मॅकिनन आणि कलिनेन या तिघांनी ब्रिटनमधला फक्त शेवटचा टप्पा मोजला. एक व्हॅन दिवसाला ५० मैल फिरून १२० घरी पार्सलं देते असं धरलं, तर एका पार्सलमागे १८१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. तेच गिऱ्हाईक स्वतःच्या कारने खरेदीला गेलं, तर सरासरी फेरी १२.८ मैलांची आणि उत्सर्जन ४,२७४ ग्रॅम. बसने गेलं तर माणशी १,२६५ ग्रॅम.

आता ४,२७४ ला १८१ ने भागा. उत्तर येतं साधारण २४. म्हणजे कारने गेलात तर एका फेरीत २४ वस्तू आणल्यावर कुठे घरपोच आलेल्या एका वस्तूशी बरोबरी होते. बसने गेलात तर ७-८ वस्तू. कपडे, पुस्तकं, भांडी अशा गोष्टींची खरेदी करताना एका खेपेत २४ वस्तू कोणी घेत नाही. म्हणून त्या परिस्थितीत ऑनलाइन जिंकतं.

हे आकडे आपल्याकडच्या चर्चेतही जसेच्या तसे सांगितले जातात, आणि माझी हरकत इथेच आहे. ही तुलना ज्या देशात केली तिथे दुकान गावाबाहेर असतं आणि गिऱ्हाईक कारने जातं. डोंबिवलीत किंवा सोलापुरात राहणारा माणूस साखर आणायला २० किलोमीटर कार चालवत नाही.

आपल्या गल्लीतला हिशेब

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ४५ चं अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरला साधारण ५० ग्रॅम. शहरात १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी कार म्हणजे १५० ग्रॅम. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुढचं गणित कोणालाही घरबसल्या करता येईल.

डिलिव्हरीचा छोटा डिझेल टेम्पो दिवसभरात ६० किलोमीटर फिरून ८० पार्सलं वाटतो असं धरू. किलोमीटरला १८० ग्रॅम धरले तर एका पार्सलमागे १३५ ग्रॅम येतात. बाइकवरचा मुलगा पाठीवर मोठी बॅग घेऊन ५० किलोमीटरांत ५० पार्सलं देत असेल, तर पार्सलमागे ५० ग्रॅम. आपल्या शहरांची दाटी इथे कामी येते. वाकड किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एका गेटवर गाडी थांबली की पंधरा-वीस घरांची पार्सलं एकदम उतरतात. लांब लांब बंगले असलेल्या परदेशी उपनगरात हे जमत नाही.

आता गिऱ्हाइकाची बाजू. मॉल ८ किलोमीटरवर असेल तर कारने जाऊन येऊन १६ किलोमीटर, म्हणजे २,४०० ग्रॅम. एका शर्टासाठी हे फारच झालं. पण त्याच फेरीत घरातले चौघं गेले, महिन्याचा किराणा, मुलांचे बूट, टॉवेल, डबे अशा ४० वस्तू घेऊन आले, तर वस्तूमागे ६० ग्रॅम. तेच सगळं ऑनलाइन मागवलं असतं आणि एकेक वस्तू वेगळ्या खोक्यातून टेम्पोने येत राहिली असती, तर कारची फेरी सहज वरचढ ठरली असती.

३ किलोमीटरवरच्या दुकानात स्कूटरने जाऊन आलं तर ३०० ग्रॅम. ऑफिसहून येताना वाटेवरच्या दुकानासमोर स्कूटर थांबवली तर जवळजवळ काहीच नाही, कारण ती त्या रस्त्याने येणारच होती. आणि चपला घालून खाली उतरलात, वाण्याकडून तूरडाळ आणि साबण घेऊन आलात, तर शून्य.

बसचंही असंच आहे. हेरियट-वॉटच्या अभ्यासात बसचं उत्सर्जन प्रवाशांत वाटून टाकलंय, आणि सरासरी काढायची तर ते बरोबरच आहे. पण तुम्ही एकट्याने लक्ष्मी रोडला जायचं ठरवल्याने पीएमपीची एक बस वाढत नाही. तुम्ही दादरला उतरल्याने लोकल जास्त वीज खात नाही म्हटलं तरी चालेल. त्याउलट तुम्ही कार काढली नसती तर ती पार्किंगमध्ये उभीच राहिली असती. तुमच्या निर्णयामुळे नवं काय जळलं, हा प्रश्न विचारला की बस, लोकल आणि पायी जाणाऱ्यांची खरेदी फार हलकी दिसू लागते.

वाणी आणि त्याचा पोऱ्या

२०२० साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या रोजच्या वापराच्या वस्तूंचा, म्हणजे टूथपेस्ट, शाम्पू, साबण यांचा हिशेब मांडला. त्यांनी दोनऐवजी तीन प्रकार तपासले: दुकानात जाऊन खरेदी, जवळच्या दुकानाकडूनच ऑनलाइन मागवून घरपोच, आणि दुकानच नसलेल्या, फक्त गोदामातून कुरिअरने पाठवणाऱ्या कंपनीकडून खरेदी. जवळच्या दुकानाने घरी आणून देणं बहुतेक वेळा सर्वांत स्वच्छ निघालं. फक्त गोदामवाल्या कंपन्या बहुतेक वेळा सर्वांत वाईट ठरल्या. कारण सोपं आहे. कुरिअरवरून लोक एका वेळी एक-दोन वस्तूच मागवतात, त्या लांबून येतात आणि प्रत्येकीला वेगळं खोकं लागतं.

हे वाचताना मला आपला किराणा दुकानदार आठवल्यावाचून राहिला नाही. फोनवर यादी सांगायची, ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’ असं उत्तर ऐकायचं, आणि चार घरांची यादी जमली की दुकानातला पोऱ्या सायकलला पिशव्या अडकवून निघायचा. पॅकिंग म्हणजे कागदी पुड्या आणि जुनं खोकं. परदेशी संशोधनात जी पद्धत सर्वांत चांगली ठरली, ती आपल्याकडे मोबाइल येण्याच्या आधीपासून चालू आहे. दूधवाला आणि पेपरवाला त्याहून जुने. ठरलेली वेळ, ठरलेली गल्ली, लागून लागून घरं आणि सायकल.

या पद्धतीचा प्राण ‘संध्याकाळपर्यंत’ या शब्दात आहे. वाट बघायची तयारी असली की चार घरांचं सामान एका फेरीत जातं.

दहा मिनिटांची घाई

म्हणूनच दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या सेवांची मला जास्त काळजी वाटते. मुंबईत झेप्टो २०२१ साली सुरू झाली, त्याच वर्षाच्या शेवटी ग्रोफर्सने नाव बदलून ब्लिंकिट केलं, आणि मोठ्या शहरांत गल्लोगल्ली गिऱ्हाइकाला आत न घेणारी छोटी गोदामं उघडली. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात. ती घराजवळ असतात, हा त्यांचा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा. पण दहा मिनिटांत पोचवायचं म्हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरसाठी थांबायला फारशी फुरसत उरत नाही. कोथिंबिरीची एक जुडी आणि दह्याचा एक डबा घेऊन बाइक निघते. दुकान २ किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन ४ किलोमीटर, पेट्रोलवर २०० ग्रॅम. ८० पार्सलं वाटणाऱ्या डिझेल टेम्पोपेक्षा हे जास्त आहे. आणि ही कोथिंबीर बऱ्याचदा अशा घरी जाते जिथून वाणी पाच मिनिटांच्या चालण्यावर असतो. इथे कारची फेरी वाचत नाही, पायी फेरी मोडते.

दिवसातून तीनदा तीन वस्तू मागवणं हे एकदाच नऊ वस्तू मागवण्यापेक्षा जवळपास तिप्पट महाग पडतं, खिशाला पडो न पडो, हवेला पडतं. शिवाय त्या घाईत सिग्नल तोडत जाणारा जीव विशी-पंचविशीतला असतो. त्याची जोखीम ग्रॅममध्ये मोजता येत नाही, पण हिशेबातून ती वगळावीशीही वाटत नाही.

यातले बरेच जण आता इलेक्ट्रिक दुचाकी चालवतात, आणि ती खरोखर मोठी सुधारणा आहे. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये ३० किलोमीटरच्या आसपास जाते. आपल्या देशात एक युनिट वीज बनताना सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. म्हणजे किलोमीटरला २० ते २५ ग्रॅम, पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. रस्त्यावर धूर नाही, हा आणखी एक फायदा. मात्र चंद्रपूर आणि कोराडीच्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना तो धूर चुकत नाही.

परत जाणारी खोकी

कपडे आणि चपला यांचं गणित परतीमुळे बिघडतं. एम आणि एल दोन्ही मापं मागवायची, एक ठेवायचं, एक परत करायचं, ही सवय आता सर्रास झाली आहे. परतीचं पार्सल घ्यायला माणूस पुन्हा येतो, ते पुन्हा हबमार्गे गोदामात जातं, तपासलं जातं, पुन्हा पॅक होतं. कॅश ऑन डिलिव्हरीत त्याहून वाईट प्रकार होतो: पार्सल दारात येतं आणि ‘नको’ म्हणून न उघडताच माघारी जातं. सगळा प्रवास दुप्पट, आणि हाती काहीच नाही. परत आलेला माल पुन्हा विकला जाईलच याचीही खात्री नसते. तपासणी आणि पॅकिंगचा खर्च किमतीपेक्षा जास्त झाला की कंपनीला तो निकाली काढणं स्वस्त पडतं. फ्रान्सने २०२० मध्ये कायदा करून न विकलेला माल नष्ट करायला बंदी घातली, ती अशा नासाडीला आळा घालण्यासाठी.

दुकानात मापाचा शर्ट अंगावर घालून बघता येतो. पर्यावरणाच्या दृष्टीने कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम ही फार मोलाची सोय आहे.

खोकं, टेप आणि भंगारवाला

पॅकिंगमध्ये सगळंच सारखं वाईट नाही. तपकिरी पुठ्ठ्याला भंगारात भाव आहे. रद्दीवाला तो किलोवर घेतो, पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक तो वेगळा काढतात, आणि कागद गिरण्यांत त्यापासून पुन्हा पुठ्ठा बनतो. दर वेळी तंतू आखूड होत जातात, त्यामुळे हे कायम चालत नाही, पण पाच-सात वेळा चालतं.

खरी अडचण आहे ती प्लास्टिकच्या कुरिअर पिशव्यांची, बबल रॅपची, आणि आतून बबल चिकटवलेल्या कागदी पाकिटांची. पाकिटांतला कागद आणि प्लास्टिक एकमेकांपासून सुटत नाहीत, म्हणून ती भंगारात कोणी घेत नाही. थर्माकोल वजनाला हलकं आणि जागेला जड, त्यालाही भाव नाही. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ठराविक वस्तूंवर बंदी आली, आणि पॅकिंगचं प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकांवर टाकली. मोठ्या ऑनलाइन कंपन्यांनी स्वतःच्या गोदामांतून असं प्लास्टिक काढल्याचं जाहीर केलं आहे. मात्र त्यांच्याच अ‍ॅपवर विकणारे हजारो छोटे विक्रेते आपापलं पॅकिंग करून थेट माल पाठवतात, आणि तिथे चकचकीत पिशव्या आणि टेपचे थर अजून दिसतात.

घरी करण्यासारखं एक छोटं काम आहे: टेप आणि लेबल काढून खोकं चपटं करून कोरडं ठेवणं. ओल्या कचऱ्यात भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही.

भिवंडीचे रस्ते

आतापर्यंत सगळं कार्बन डायऑक्साइडवर चाललं होतं. तो वायू कुठेही सोडला तरी हवामानावर परिणाम सारखाच. डिझेलच्या काजळीचं तसं नाही. ती जिथे निघते तिथल्याच फुप्फुसांत जाते.

मुंबईकरांच्या पार्सलांचा मोठा भाग भिवंडी परिसरातल्या गोदामांतून येतो. न्हावाशेवा बंदर जवळ, नाशिक आणि अहमदाबादकडे जाणारे महामार्ग जवळ, आणि मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून इथे आधीपासूनच गोदामं होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवायची गरज उरली नाही आणि कंपन्यांनी मोजक्या ठिकाणी अवाढव्य गोदामं बांधायला सुरुवात केली. मानकोली, काल्हेर, दापोडे भागातली भातशेती पत्र्याच्या छपरांखाली गेली. मुंबईतल्या ग्राहकाचं पार्सल वेळेत पोचतं तेव्हा भिवंडीतल्या शाळकरी पोरांनी कंटेनरच्या रांगेतून वाट काढलेली असते. कार्बनच्या हिशेबात ऑनलाइन जिंकलं तरी हा भार कोणाच्या अंगावर टाकला, हे विचारलंच पाहिजे.

जागतिक आर्थिक मंचाने २०२० च्या अहवालात अंदाज मांडला होता की काहीच बदललं नाही तर २०३० पर्यंत जगातल्या पहिल्या १०० शहरांत डिलिव्हरीची वाहनं ३६ टक्क्यांनी वाढतील. दिल्ली सरकारने २०२३ मध्ये अशा सेवांच्या गाड्या २०३० पर्यंत पूर्ण इलेक्ट्रिक करण्याचा नियम केला. मुंबई-पुण्याच्या हवेलाही असा ठोस नियम हवा, आणि तो गोदामाबाहेरच्या डिझेल ट्रकलाही लागू हवा, कारण दुचाक्या बदलून भिवंडीची हवा सुधारणार नाही.

गावाकडे चित्र उलटतं

गडचिरोलीतल्या एखाद्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हवं असेल, किंवा सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याला पंपाचा सुटा भाग, तर त्यासाठी स्वतःच्या गाडीने शहर गाठणं म्हणजे शंभर-दोनशे किलोमीटर. तिथे टपालाने आलेलं पार्सल कितीतरी पटींनी स्वच्छ. पोस्टमन तसाही त्या गावाला जातोच. अशा ठिकाणी ऑनलाइन खरेदीबद्दल अपराधी वाटायचं कारण नाही.

आणि शहरात असो वा गावात, वाहतूक आणि पॅकिंग मिळूनही बहुतेक वस्तूंच्या एकूण भारातला छोटा भाग असतात. एका सुती टी-शर्टमागे कापसाच्या शेतापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज सांगितला जातो. आपल्याला विदर्भ जवळचा असल्याने तो आकडा नुसता आकडा वाटत नाही. मोबाइलच्या आयुष्यभरातल्या उत्सर्जनाचा मोठा भाग तो डबीतून बाहेर येण्याआधीच झालेला असतो. सेलच्या रात्री बारा वाजता, गरज नसताना, फक्त किंमत खाली आली म्हणून घेतलेला चौथा शर्ट सायकलवरून घरी आला तरी त्याचं पाणी, वीज आणि रंग खर्च झालेलेच असतात. अ‍ॅपने खरेदी इतकी सोपी केली आहे की मधला विचार करायचा वेळच गळून पडला, आणि हा परिणाम कुठल्याही डिलिव्हरीच्या गणितात धरला जात नाही.

कंपन्यांना करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. आत्ता बहुतेक अ‍ॅपवर सर्वांत जलद डिलिव्हरी आपोआप निवडलेली असते. त्याऐवजी ‘सगळं एकदम, दोन-तीन दिवसांत’ हा पर्याय आधीच निवडलेला असावा, घाई असेल त्याने तो बदलावा. जिथे हा पर्याय आजही दिसतो तिथे तो निवडायला एक बोट पुरतं, आणि चार खोक्यांऐवजी एकच येतं.